हिरव्या तेलाची नळी गळतेय: घरी बदलायची, जोडायची की तज्ज्ञाकडे द्यायची?

जुनी सिट्रोएन बाळगणाऱ्याची सकाळ गाडीखाली डोकावण्याने सुरू होते. डाग काळा असला तर इंजिन ऑइल, त्याची एवढी घाई नसते. हिरवा असला तर एलएचएम, म्हणजे या गाडीच्या हायड्रॉलिक यंत्रणेचं तेल, आणि मग चहा बाजूला राहतो. मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ माझ्या सिट्रोएन झँशियाच्या पोटाखालच्या पोलादी नळ्या वर्षानुवर्षं कुरतडत आलंय. काही नळ्या मी स्वतः बदलल्या, एक मधेच जोडली, एक मुकाट्याने तज्ज्ञाकडे दिली. ज्यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी या तिन्ही वाटा मांडतो.

आधी थोडं या नळीबद्दल. या गाड्यांना नेहमीच्या पोलादी स्प्रिंगा नसतात. प्रत्येक चाकाशी एक गोळा असतो, त्यात नायट्रोजन कोंडलेला आणि त्याखाली या नळ्यांतून येणारं तेल. सिट्रोएनच्या पॉल माजेस यांची ही कल्पना १९५४ मध्ये एका मॉडेलच्या फक्त मागच्या चाकांवर आली आणि १९५५ च्या डीएसमध्ये पूर्ण गाडीभर पसरली. नंतर जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झँशिया अशी रांग लागली. ज्यांनी २०२१ नंतर भारतात या कंपनीची सी५ एअरक्रॉस घेतली, त्यांनी मात्र हे वाचून गाडीखाली शिरू नये. तिचं सस्पेन्शन स्प्रिंगांचंच आहे, शॉकअब्सॉर्बरमध्ये हायड्रॉलिक थांबे आहेत इतकंच.

या तेलाचा दाब साधारण १४५ ते १७० बार असतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, म्हणजे सुमारे पासष्ट ते पंचाहत्तर पट. शिवाय हेच तेल ब्रेक आणि स्टिअरिंगलाही जातं. मागचे ब्रेक तर मागच्या सस्पेन्शनच्याच दाबावर चालतात. त्यामुळे ‘सस्पेन्शनचीच तर नळी आहे’ हे वाक्य इथे लागू पडत नाही.

पैसे, वेळ, हौस या सगळ्याच्या आधी एकच बघायचं: गळतेय ती नळी दाबाची आहे की परतीची? तेल टाकीकडे परत नेणाऱ्या रबरी नळ्यांमध्ये दाब जवळपास नसतो. बीएक्सवाले त्यातल्या एका गुंत्याला ‘ऑक्टोपस’ म्हणतात, कारण एकाच जागेतून त्याचे पाय सगळीकडे फुटलेले असतात. रबर म्हातारं झालं की ते पाझरतं, आणि नवा मालक घाबरून थेट गॅरेज गाठतो. परतीची नळी असेल तर पुढचं वाचूच नका. एलएचएमला चालेल अशी त्याच मापाची नळी आणा, क्लिप आवळा, झालं.

गळती दाबाच्या नळीत असेल तर हात खिशात ठेवा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीतून आत घुसते. वरून फक्त एक ठिपका दिसतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमावण्याची वेळ येते. असं झालंच तर ती किरकोळ जखम समजू नये, तडक इस्पितळ गाठावं आणि ‘दाबाखालचं तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरायचा. काम सुरू करण्याआधी इंजिन चालू ठेवून गाडीची उंची बदलायचा दांडा सर्वांत खालच्या उंचीवर न्यायचा, गाडी बसली की इंजिन बंद करायचं आणि प्रेशर रेग्युलेटरवरचा सोडस्क्रू साधारण एक आटा ढिला करायचा. फुस्स आवाज येतो, तो दाब उतरल्याचा. स्क्रू पूर्ण काढू नका, त्यामागची छोटी गोळी हरवली की दिवस गेला. आणि गाडी स्टँडवर घेतल्याशिवाय खाली शिरायचं नाही. ही गाडी दाब गेला की खाली बसते, मग ती नुसत्या जॅकवर असो वा नसो.

आता वाटा.

पहिली, पूर्ण नळी घरी बनवणं. यासाठी बहुतेक जण कुनिफर घेतात, म्हणजे सुमारे दहा टक्के निकेल मिसळलेलं तांबं. ते गंजत नाही आणि हाताने वळतं. निव्वळ तांब्याच्या नळीच्या मोहात पडू नका. ती थरथरून कडक होते आणि मग तडकते. घरच्या कारागिराला खरी अडचण येते ती नळीच्या टोकाशी. साध्या गाडीच्या ब्रेकची नळी नटाच्या आत धातूवर धातू बसून सील होते. सिट्रोएनची तशी नाही. इथे नळीच्या टोकापासून थोडं मागे एक फुगवटा असतो, त्यापुढच्या भागावर छोटं रबरी सील चढवतात आणि तेलाचा दाबच ते रबर भिंतीला चिकटवतो. म्हणून नळीचं टोक पसरवायचं दुकानातलं नेहमीचं फ्लेअरिंग टूल इथे कुचकामी. सिट्रोएनचाच साचा लागतो, आणि एका नळीपुरता तो विकत घेणं म्हणजे एका पोळीसाठी गिरणी घालणं.

दुसरा सापळा मापाचा. या नळ्या ३.५, ४.५ आणि ६.३५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या. ६.३५ म्हणजे सरळ पाव इंच, ती कुठेही मिळते. पण ४.५ च्या जागी दुकानदार हमखास ब्रेकची तीन-सोळांश इंची नळी पुढे करतो. ती ४.७६ भरते. डोळ्याला फरक दिसत नाही, सीलला दिसतो.

यावर मला सगळ्यात पटलेला तोडगा म्हणजे दोन्ही टोकं तयार करून दिलेली सरळ नळी सिट्रोएनचे सुटे भाग विकणाऱ्याकडून मागवणं. जुनी नळी दोऱ्याने वळणावळणाने मोजायची, थोडी वाढीव लांबी सांगायची आणि वाकवण्याचं काम घरी करायचं. टोकाची कारागिरी जाणकाराची, मेहनत आपली. नट आवळताना मात्र हात आवरा. सील रबराने होतं, ताकदीने नाही. ८ आणि ९ च्या पान्याने बेताचं आवळलं की पुरे. गळतंय म्हणून आणखी पिळणाऱ्यांनी किती महागड्या भागांचे आटे मारले असतील, त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी सील नवं, आणि ते बसवण्याआधी एलएचएममध्ये बुडवलेलं.

दुसरी वाट, कुजलेला तुकडा कापून मधे जोड देणं. स्वस्त आणि झटपट, म्हणून मोहात पाडणारी. जोड दोन प्रकारचे. एक, दोन्ही टोकांना सिट्रोएनचाच फुगवटा करून मधे त्याच पद्धतीचा युनियन, म्हणजे दोन नळ्या जोडणारा आट्यांचा तुकडा. हा मला मान्य आहे, कारखान्यातूनही अशा नळ्या युनियनने जोडलेल्या येत. दुसरा, कातरी रिंगवाला कॉम्प्रेशन जोड, ज्यात नट आवळला की वेगळी रिंग नळीला चावून बसते. यातली सर्वांत हलकी श्रेणी १०० बारसाठीच असते, आणि आपल्याला १७० हवेत. नळकामाच्या दुकानातला पितळी जोड तर विचारातही घेऊ नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: वार्षिक एमओटी तपासणीच्या नियमांत ब्रेकच्या दाबनळीवर वेगळी रिंग असलेले कॉम्प्रेशन जोड चालत नाहीत. मागचे ब्रेक कुठल्या दाबावर चालतात ते वर सांगितलंच आहे.

जोडाचा मुख्य दोष मात्र नियमात नाही, गंजात आहे. नळी एका जागी फुटली म्हणजे ती शेजारी निरोगी आहे असं नाही. चिखल साचणाऱ्या क्लिपांपाशी ती आतून तितकीच पातळ झालेली असते. मी जोड दिला, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्यापासून वीतभर अंतरावर नवी धार लागली. शेवटी पूर्ण नळी बदललीच. त्यामुळे जोड मी फक्त एकाच परिस्थितीत सुचवेन: नळी बाकी सगळीकडे चकचकीत आहे आणि एखाद्या दगडाने किंवा जॅकने एकच जागा दुखावली आहे.

तिसरी वाट तज्ज्ञाची. इथे पैसे जातात, पण काही नळ्या अशा आहेत की ते देणं शहाणपणाचं. बीएक्स आणि झँशियात मागच्या सबफ्रेमवरून, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या सांगाड्यावरून, जाणाऱ्या नळ्या बदलायच्या तर सबफ्रेम खाली घ्यावी लागते. लिफ्ट नसलेल्या घराच्या अंगणात, गंजलेल्या बोल्टांशी झुंजत, ते करू नये. मी तज्ज्ञाकडे दिलेली नळी हीच होती. पंपाजवळच्या नळीचंही तसंच. ती इंजिनाबरोबर थरथरते आणि तिचे वेढे कारखान्याने मुद्दाम दिलेले असतात. तिथे अंदाजाने वाकवलेली नळी बसवण्यापेक्षा मूळ आकाराची घ्यावी. तज्ज्ञ निवडताना मात्र साध्या ब्रेकदुरुस्तीच्या गॅरेजला तज्ज्ञ समजू नका. एका ठिकाणी टाकीत ब्रेक ऑइल भरण्याची तयारी चालली होती, मी वेळेवर पोहोचलो. एलएचएम खनिज तेल आहे, ब्रेक ऑइलने त्याची रबरी सीलं फुगून जातात. उलट साधारण १९६६ पर्यंतच्या सुरुवातीच्या डीएसमध्ये लाल एलएचएस हे वेगळं तेल असतं, तिथे हिरवं चालत नाही. ‘सील नवं टाकाल ना?’ एवढा एक प्रश्न विचारा, समोरच्याच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

मग तुमची नळी कुठे बसते? मजल्याखालून सरळ जाणारी, हात पोहोचेल अशी, आणि तुमच्याकडे स्टँड, नळी कापायचा छोटा कटर आणि एक मोकळा शनिवार-रविवार असेल तर तयार टोकांची नळी घेऊन घरीच करा. हॅकसॉ वापरू नका, त्याचा कीस आत जातो आणि गाडीची उंची राखणाऱ्या हाइट करेक्टरला तो खपत नाही. उघडी टोकं लगेच झाकून ठेवा. नवी नळी प्रत्येक क्लिपमध्ये रबरावर बसवा, पत्र्याला घासू देऊ नका. नळी ब्रेककडे जाणारी असेल आणि तुम्ही याआधी ब्रेकला हात लावलेला नसेल, तर पहिल्यांदाच इथे शिकू नका.

काम झालं की सोडस्क्रू बंद करून इंजिन सुरू करा आणि गाडी तळापासून माथ्यापर्यंत चार-पाच वेळा वरखाली करा. इंग्रज मालक याला ‘सिटॅरोबिक्स’ म्हणतात. सस्पेन्शनमधली हवा अशी आपोआप निघते, ब्रेकची वेगळी काढावी लागते. तेलाची पातळी गाडी सर्वांत उंच आणि इंजिन चालू असताना बघायची, काचेतल्या दोन लाल रेघांच्या मधे. मग नव्या जोडाखाली कोरडा पुठ्ठा रात्रभर ठेवा आणि सकाळी चहाआधी बघून या.