स्पीड ९८ चा हिरवा गोल आणि आमच्या गटाचे ३९,५१८ रुपये

भिवापूर-उमरेड पट्ट्यात मिरची, हळद विकणारा आमचा गट. साइट वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन). ती हळू उघडते म्हणून एका स्पीडवाल्याकडून 'कॅशिंग सेटअप' विकत घेतला, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून ती लगेच द्यायची सोय. बिल असं: स्पीड पॅकेज १४,५००, रेडिस सर्व्हर (डेटाबेसची उत्तरं साठवणारा) वर्षाचे ६,०००, सीडीएन (फायली गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) महिना ८०० प्रमाणे ९,६००. झाले ३०,१००. वर १८ टक्के जीएसटी ५,४१८. एकूण ३५,५१८, तेही आगाऊ, यूपीआयनं. पुढचे ४,००० कशाचे ते खाली येतं.

असे लोक कसे गाठतात ते सगळ्यांना माहीत आहे. आधी तुमच्या साइटचा लाल आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचा, घाबरवायचं, मग दर सांगायचा. ते सोडा. काम कसं 'केलं' ते महत्त्वाचं.

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग-चाचणीत आमचा मोबाइल स्कोअर शंभरपैकी ३१ होता. दुसऱ्या दिवशी ९८. रिपोर्ट गटाच्या बैठकीत फिरला, सगळे खूश. फोनवर मात्र साइट तेवढीच रेंगाळत होती. विचारलं तर उत्तर तयार: "तुमच्या गावात रेंजच नाही भाऊ, त्याले साइट काय करन?" आता गावात खरंच रेंज नाही, तर कोण भांडणार?

पुढे थीमची फंक्शन्स डॉट पीएचपी ही कोडची फाइल उघडली तेव्हा सगळ्यात खाली एक ओळ सापडली. येणारा ब्राउझर कोण, ते त्याच्या यूजर एजंटवरून (ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो तो मजकूर) ओळखायचं. त्यात 'लाइटहाउस' (पेजस्पीडच्या आतलं चाचणीचं साधन) किंवा 'मोटो जी पॉवर' आलं की फोटो, स्क्रिप्ट, कार्ट सगळं गाळून नुसता लोगो आणि मथळा दाखवायचा. दुसरं नाव का? मोबाइलची चाचणी घेताना लाइटहाउस त्याच फोनचं सोंग घेतं, म्हणून. म्हणजे ९८ हा मार्क एका रिकाम्या पानाला मिळाला होता. गिऱ्हाइकाला जुनंच पान जात होतं.

आणि हे रिपोर्टमध्येच दिसत होतं! स्कोअरच्या शेजारी पानाचं छोटं चित्र असतं. त्यात मिरचीचा एकही फोटो नव्हता, 'कार्टमध्ये टाका' बटन नव्हतं, पांढरा कागद आणि वर लोगो. खाली पानाचं एकूण वजन ९६ केबी. आमच्या पहिल्या पानावर थेट मोबाइलमधून चढवलेले ११ फोटो होते, एकेक तीन-साडेतीन एमबीचा. ३८ एमबीचं पान ९६ केबी होतं का कुठं? कॅश पान लवकर तयार करून देतं, फोटोचं वजन कमी करत नाही. तिथंच पकडायला हवं होतं. पण हिरव्या गोलाखाली स्क्रोल करून कोण बघतं? मिरची वाळवणाऱ्या बायांनी यूजर एजंट वाचायला शिकायचं का आता?

स्कोअर पाहू नका, हेडर पाहा, म्हणजे पानासोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीच्या ओळी. कॉम्प्युटरवर खासगी विंडोत साइट उघडा, एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब, पान पुन्हा लोड करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर्स वाचा. लाइटस्पीड सर्व्हर असेल तर 'एक्स-लाइटस्पीड-कॅश: हिट' (साठवलेली प्रत मिळाली) दिसायला हवं. सीडीएन म्हणून क्लाउडफ्लेअर लावलं असेल आणि 'सीएफ-कॅश-स्टेटस: डायनॅमिक' दिसलं, तर तुमचं पान तिथं साठवलंच जात नाही, फक्त फोटो आणि सीएसएस-जेएस फायली साठतात. मूळ सेटिंगच तसं असतं. क्लाउडफ्लेअरच्या फुकट प्लॅनचे आम्ही ९,६०० मोजले.

रेडिस? प्लगइनच्या यादीत वर 'ड्रॉप-इन' टॅब असतो. तिथं ऑब्जेक्ट-कॅश डॉट पीएचपी नसेल तर रेडिस जोडलेलंच नाही. आमच्याकडे नव्हतं. असण्याची सोयही नव्हती, शेअर्ड होस्टिंगच्या त्या प्लॅनमध्ये रेडिस मिळतच नाही. सहा हजार कशाचे मग? उलट पेज कॅशचे दोन प्लगइन एकाच वेळी चालू करून ठेवलेले. दोघांनाही ॲडव्हान्स्ड-कॅश डॉट पीएचपी ही एकच फाइल लागते, त्यामुळे एक दुसऱ्याचं काम पुसत बसतो. पेज कॅश एकच ठेवा. सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर लाइटस्पीड कॅश, अपाची किंवा एनजिनएक्स असेल तर डब्ल्यूपी सुपर कॅश पुरतो. दोन्ही फुकट.

आम्ही तक्रार केल्यावर त्या स्पीडवाल्यानं क्लाउडफ्लेअरवर 'कॅश एव्हरीथिंग'चा (सगळंच साठवा) नियम लावला, साइटचे स्वतःचे 'साठवू नका' हे आदेश डावलून. परिणाम? अमरावतीच्या गिऱ्हाइकाला चेकआउटवर वर्ध्याच्या बाईंचं नाव, पत्ता, फोन दिसला. कार्ट, चेकआउट, माय अकाउंट ही तीन पानं कधीही कॅशमध्ये जाऊ देऊ नका. नियम बंद कर म्हटलं तर 'इमर्जन्सी सपोर्ट' ४,०००. द्यावेच लागले, कारण नेमसर्व्हर (साइटचं नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते ठरवणारे) त्याच्या क्लाउडफ्लेअर खात्यावर वळवलेले होते, किल्ली त्याच्याकडे. खातं नेहमी तुमच्या ईमेलवर काढा, त्याला सदस्य म्हणून जोडा. त्याच्या खात्यातून सोडवून घ्यायचं असेल तर आधी ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी या साइट-मेलचे पत्ते सांगणाऱ्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या, नाहीतर साइट येईल आणि मेल बंद पडेल.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन लावला तर पहिला प्रश्न, ओटीपी दिला का? नाही. लिंक दाबली का? नाही. मग पैसे तुम्हीच पाठवले ना! बँकेचंही तेच, व्यवहार तुमच्या पिननं झाला. ठाण्यात साहेब म्हणाले, "काम करून देल्लं ना त्यानं? मंग हे दिवाणी आहे." सायबर पोलिसांकडे जा म्हणाले. सायबरनं परत ठाण्यात पाठवलं. चारशेवीसची आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झाली, पण टेबलावरचं उत्तर तेच. कोड छापून नेला तर तो बाजूला ठेवून विचारलं, यात शिवी कुठं आहे? ग्राहक आयोगात चौकशी केली तर म्हणे तुमचा वापर व्यापारी. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला त्यातून सूट आहे, हे आम्हीच वाचून दाखवलं. पाच लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही, एवढं तरी कुणीतरी खिडकीवर लिहून लावा.

आणि ५,४१८ रुपयांचा जीएसटी! बिलावरचा नंबर १४ अक्षरी. खरा १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, जीएसटी पोर्टलवर फुकट तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा.

साइट शेवटी कशानं हलली? फोटो १,२०० पिक्सेल रुंद केले, वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, एकेक १२० केबीच्या आसपास. सगळे मिळून सव्वा-दीड एमबी. एक पेज कॅश, त्यात प्रीलोड (गिऱ्हाईक येण्याआधीच प्रत करून ठेवणं) चालू. प्रीलोड विसरू नका. दिवसाला पन्नास माणसं येणाऱ्या साइटवर कॅशची मुदत संपते आणि पुढचं गिऱ्हाईक पुन्हा रिकाम्या कॅशवर येऊन थांबतं. खर्च शून्य.

ब्रह्मपुरीकडच्या एका तांदूळवाल्या गटाला याच आठवड्यात कोटेशन आलंय. ३०,१०० अधिक जीएसटी, नंबर तोच १४ अक्षरी.