अकरा महिने जुन्या कपड्यांवर

गेल्या पाडव्याला ठरवलं, वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही. आतले कपडे, मोजे आणि चपला यांना सूट. बाकी जे अंगावर चढेल ते आधी कुणीतरी वापरलेलं हवं. आता माघ संपत आलाय. या अकरा महिन्यांत मी 26 कपडे घेतले. त्यातले 19 आज नेमाने वापरात आहेत, तीन शिंप्याकडे पडून आहेत आणि चार साफ फसले. खरेदीला 5,900 रुपये गेले, शिंप्याला 3,400. शिंप्याचा आकडा आधीच सांगून टाकते, कारण जुने कपडे स्वस्त पडतात म्हणणारे बहुतेक जण तो धरत नाहीत. मी पुण्यात रोज पीएमपीच्या बसने शिवाजीनगरला ऑफिसला जाते, आठवड्यातून दोनदा बाहेरच्या लोकांबरोबर मीटिंग असते. तेव्हा हे सगळे कपडे घामात, पावसात आणि बसच्या गर्दीत वापरून झालेले आहेत.

सगळ्यात जास्त कपडे मिळाले जुन्या बाजारात. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तो. बहुतेकांना तो जुनी घड्याळं, पितळी भांडी, लोखंडी सामान यांसाठी माहीत आहे. कपड्यांच्या पथाऱ्या शोधत थोडं फिरावं लागतं. मी रविवारी सकाळी लवकर पोचते, गाठोडी सुटत असतात तेव्हा. उन्हं वर आली की गर्दी होते, आणि गर्दीत कपडा उलटा करून बघायला कुणी जागा देत नाही. उलटा करून बघणं हेच तर खरं काम.

हे कपडे येतात कुठून, याची मला आधी नीट कल्पना नव्हती. दारावर ‘जुन्या कपड्यांवर भांडी’ अशी हाक देत येणारी बोहारीण लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेली असते. आईने चार साड्या आणि बाबांच्या दोन पॅंटी पुढे ठेवायच्या, तिने त्यातली एक साडी बाजूला सारायची, मग पातेलं द्यायचं की डबा यावर अर्धा तास घासाघीस. ते गाठोडं पुढे निवडलं जातं. बरे कपडे धुऊन, टाके घालून, इस्त्री करून बाजारात येतात. अगदी विरलेल्या सुती कपड्यांच्या चिंध्या गॅरेजमध्ये हात आणि यंत्रं पुसायला जातात. लोकरीच्या चिंध्या हरियाणात पानिपतला जातात; तिथे त्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या, ब्लॅंकेटं विणतात. म्हणजे पथारीवर जे दिसतं ते दोन-तीन हातांनी निवडून आलेलं असतं, आणि त्या निवडणाऱ्या हातांना कापड आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं.

अशाच एका पथारीवरच्या मावशींनी मला पहिल्याच महिन्यात टोकलं. मी एका पांढऱ्या शर्टाची कॉलर निरखत होते. त्या म्हणाल्या, “ताई, कॉलर काय बघताय, काख बघा.” शर्ट माझ्या हातातून घेऊन त्यांनी काखेजवळचं कापड दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरलं. बारीक जाळी दिसली, चाळणीसारखी. कॉलर झिजली तर शिंपी ती उसवून उलटी लावून देतो, खालची कोरी बाजू वर येते. काखेत कापड विरलं की त्यावर इलाज नाही; ठिगळ लावलं तरी शेजारून फाटतं. त्या दिवसापासून मी तीनच जागा आधी बघते: काख, पॅंटीचा बूड आणि मांड्यांचा आतला भाग. तिथे उजेड आरपार येत असेल तर किंमत दहा रुपये असली तरी कपडा खाली ठेवायचा.

दुसरी गोष्ट शिंपीकाकांनी शिकवली, आणि या अख्ख्या वर्षात तिचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. ती म्हणजे शिवणीतली माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं त्याला शिंप्यांच्या भाषेत माया म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असेल. पण विकत घेताना ती बोटांनी मोजून बघणारे थोडे. हल्लीच्या तयार कुर्त्यांना ओव्हरलॉकसकट, म्हणजे काठ सुटू नये म्हणून घातलेल्या यंत्राच्या शिलाईसकट, जेमतेम एक सेंटिमीटर माया असते. असा कुर्ता आवळता येतो, सैल होत नाही. याउलट शिंप्याने मापाने शिवलेल्या जुन्या पुरुषी पॅंटीला मागच्या मधल्या शिवणीत चांगली दीड-दोन इंच माया असते, कारण गिऱ्हाईक जाडजूड होणार हे त्याने गृहीत धरलेलं असतं. म्हणून मी बायकांच्या पॅंटी बघणंच सोडून दिलं. त्यांना माया नसते आणि धड खिसाही नसतो. पुरुषांची, कमरेला एखादा इंच कमी असलेली सुती पॅंट घ्यायची आणि मागून सोडवून घ्यायची.

यात एक खोच आहे. कपडा विटलेला असेल तर सोडवलेल्या मायेचा रंग मूळचा, गडद निघतो आणि मागे उभा पट्टा दिसतो. माझ्या एका निळ्या पॅंटीला असा दोन बोटं रुंद पट्टा आहे. ती मी लांब कुर्त्याखालीच घालते. शिवाय जुन्या टाक्यांची भोकं राहतात. सुती कापडावर ती दोन-तीन धुण्यांत बुजतात, टेरिकॉटवर कायमची राहतात. तेव्हा सैल करायचा कपडा न विटलेला हवा, आवळायचा असेल तर विटका चालतो. खांदा मात्र मापाचाच हवा. खांदा कमी करायचा म्हणजे बाही पूर्ण उसवणं आलं; ब्लेझरला तर त्याची मजुरी कपड्याच्या दुप्पट होते.

फसलेल्या चार कपड्यांबद्दल सविस्तर सांगते, कारण तिथे पैसे गेले. दोन जीन्स ताणणाऱ्या कापडाच्या होत्या. बाजारात घालून बघायची सोय नसते, कमरेचं माप जुळलं म्हणून घेतल्या. आठवडाभरात गुडघ्यांवर फुगे आले आणि बसलं की कापड परत जागेवर येईना. त्या कापडात सुताबरोबर स्पॅन्डेक्सचा, रबरासारखा ताणला जाणारा धागा असतो. गरम पाणी, ड्रायर आणि वर्षं यांनी तो मरतो आणि मग कुठलाही शिंपी काही करू शकत नाही. आता मी कापड कानाजवळ धरून ताणते. बारीक चुरचुर ऐकू आली, किंवा सोडल्यावर लाटा पडल्या, तर तो धागा मेलेला. पूर्ण सुती, जाड, न ताणणारी जीन्स दहा वर्षांची असली तरी बिनधास्त घ्या.

तिसरा फसवा कपडा इन्स्टाग्रामवरच्या एका पेजवरून घेतलेलं काळं जॅकेट, 900 रुपये. अकरा महिन्यांतली माझी सगळ्यात महागडी खरेदी. ‘लेदर’ असं लिहिलेलं होतं. आलं तेव्हा सुरेख दिसत होतं. आषाढात कपाटातून काढलं तर कॉलरचे पापुद्रे हाताला लागले, काळी खपली शर्टभर. ते रेक्झिनसारखं पीयू होतं, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर. दमट हवेत पीयूचा थर सुटत जातो आणि पुण्याचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. पेजवर ‘परत घेणार नाही’ लिहिलेलंच होतं, आणि मेसेजला उत्तर आलं नाही. मला याचा खरंच राग आहे. जुना माल विकताना दोष सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे. पथारीवरच्या मावशी डाग स्वतः दाखवतात. ऑनलाइन घ्यायचंच तर आतल्या बाजूचा फोटो मागा. खऱ्या चामड्याची मागची बाजू लवदार असते, पीयूच्या मागे विणलेलं कापड दिसतं. आणि एस-एम-एल वर विसंबू नका: कपडा सपाट ठेवून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत किती इंच, खांदा किती, उंची किती, एवढं विचारा आणि घरातल्या आवडत्या कपड्याशी ताडून बघा. चौथा कपडा नुसता रंगाच्या मोहात घेतलेला पिवळा टॉप, तो कशावरच गेला नाही.

त्या पिवळ्या टॉपनंतर मी एक सवय लावून घेतली. बाजारात जाताना पिशवीत माझी तंबाखूच्या रंगाची पॅंट घडी करून नेते. आवडलेला शर्ट त्या पॅंटीवर टाकून बघायचा, उन्हातच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जमणारे रंग बाहेर भांडतात, हे मी स्वतः अनुभवलंय. पथारीवाले हसायचे सुरुवातीला, आता विचारतात, “ताई, पॅंट आणली का?” या एका पॅंटीवर माझे सात वरचे कपडे उभे आहेत: फिकट निळा पुरुषी शर्ट बाह्या दुमडून, राखाडी लिननचा ढगळ कुर्ता गुडघ्याच्या वर कापून घेतलेला, मेंदी रंगाचा खादीचा शर्ट, आणखी चार. ढगळ वरचा असेल तर खालचं नेमकं, आणि खालची पॅंट घेरदार असेल तर वरचं आखूड. जुन्या कपड्यांत हे जास्त सांभाळावं लागतं. दोन्ही ढगळ झाले की कुणाकडून तरी मागून आणल्यासारखे दिसतात. घोट्याशी पॅंट नेमकी संपली की अर्धं काम होतं. त्यासाठी काका 60 रुपये घेतात आणि ते सर्वांत चांगले खर्च झालेले 60 रुपये असतात.

माझा सगळ्यात लाडका कपडा म्हणजे इरकलची बंडी. हिरव्या-काळ्या अंगाचं, लाल पदराचं लुगडं, 150 रुपयांना मिळालं. मधोमध विरलेलं, बसण्याच्या जागी. माझी आजी अशा लुगड्याला दंड घालायची: विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायचं. मला नेसायचं नव्हतं. काकांनी आधी पदरातला एक धागा ओढून काडीवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर आक्रसून टणक मणी होतो. सूत आणि रेयॉन कागदासारखे जळतात. हा धागा कागदासारखा जळला. म्हणजे पदर रेशमी नव्हता, रेयॉनचा होता. इरकलात तसं बऱ्याचदा असतं. मग गरम इस्त्री आणि पाण्याला जपायचं ठरलं, कारण रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं. इरकलचा पदर वेगळा ताणा घेऊन अंगाला फासे घालून जोडलेला असतो. तो जोड काकांनी मुद्दाम पाठीवर आडवा घेतला, आतून मलमलचं पूर्ण अस्तर लावलं म्हणजे ताण अस्तरावर येतो, आणि पुढे काठ. शिलाई 450 रुपये. पांढऱ्या शर्टावर, त्या तंबाखूच्या पॅंटीबरोबर ती बंडी घातली की मीटिंगमध्ये कुणी ना कुणी जवळ येऊन कापडाला हात लावून बघतंच. उरलेल्या अंगाचे उशीचे दोन अभ्रे झाले.

धुण्याचं थोडक्यात. घरी आणलेला कपडा मी थेट कपाटात ठेवत नाही. सुती असेल तर 60 डिग्रीच्या पाण्यात, मग दिवसभर कडक उन्हात, शिवणी उलट्या करून. ढेकूण, कसर जे असेल ते जातं. रेशीम-लोकर असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात, सावलीत वाळवायचं. पॉलिएस्टरचा घामाचा वास सहजी जात नाही, त्यात तो धरून राहतो; व्हिनेगरच्या पाण्यात दोन तास भिजवूनही राहिला तर मी नाद सोडते. पावसाळ्यात खरेदीच करू नका. श्रावणात आणलेले दोन शर्ट चार दिवस वाळले नाहीत आणि कुबट वास काढायला गणपती उजाडले.

घरून विरोध झाला, तो होणारच होता. आई म्हणाली, “अगं, कुणाचे अंगावरचे, कोण जाणे जिवंत आहे की नाही.” तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, त्यामागे दुःख असतं. पण आपल्याच घरात बाळाला पहिलं गुंडाळतात ते जुन्या मऊ लुगड्यात, बाळुती जुन्या धोतराची करतात, गोधडीत चार बायकांच्या साड्या असतात. मी एवढंच म्हणाले, आणि पहिले सहा महिने तिच्यासमोर घातलेला प्रत्येक कपडा आधी तिला धुऊन दाखवला. आता ती काखा स्वतः तपासते.

कुणी विचारलं तर मी कॅम्पातली फॅशन स्ट्रीट आणि डेक्कनची हॉंगकॉंग गल्ली जुन्या कपड्यांच्या जागांत धरत नाही. तिथला माल नवा असतो. ‘एक्सपोर्ट सरप्लस’ म्हणजे लेबल कापलेला पण न वापरलेला. तो घ्यायला हरकत नाही, पण तो वेगळा व्यवहार आहे.

ज्यांना शनिवारी ठरवून रविवारी घालायला कपडा हवा त्यांना हे जमणार नाही. अंग भरलेलं असेल तर बायकांच्या कपड्यांत मोठी मापं फार कमी येतात, तिथे पुरुषी शर्ट आणि साड्यांचं कापड हाच मार्ग राहतो. आणि शिंपी ओळखीचा हवा. मोठ्या दुकानांत अल्टरला जुना कपडा नेला तर तोंड वाकडं करतात. गल्लीतल्या काकांना मात्र जुनी शिलाई उसवताना ती कुणी, कशी घातलीय हे बघण्यातच रस असतो.

एक शोध अजून बाकी आहे: काळी, औपचारिक, सरळ पॅंट, कंबर 32. सात रविवार गेले. दोनदा मिळाली, एकीला बुडात जाळी होती, दुसरीची माया कुणीतरी आधीच सोडवून संपवली होती.