स्मार्ट वजनकाटा : बरेच महिने वापरल्यावर

काट्याचा एक कोपरा गेलाय. उजव्या टाचेवर जरा भार पडला की वजन एकदम दीड किलोने कमी, सरळ उभं राहिलं की परत जास्त. सर्व्हिस सेंटरचं उत्तर काय, तर अ‍ॅप डिलीट करून परत टाका. अहो, खाली चार कोपऱ्यांत चार लोड सेल, म्हणजे भार मोजणारे सेन्सर, असतात, त्यातला एक बिघडलाय, मोबाईलचा काय संबंध? तुमच्याकडे असा काटा असेल तर एकच जड वस्तू आळीपाळीने चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा (कडक फरशीवर, गालिच्यावर नको), आकडा बदलला तर वॉरंटी संपायच्या आत तक्रार टाका.

शुगर बॉर्डरवर होती, डॉक्टर म्हणाले आधी वजन ७ टक्के उतरवा. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात हेच टार्गेट होतं, सोबत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आणि डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून मी मुद्दाम फॅट दाखवणारा महागातला काटा घेतला. सुरुवातीला तेच फीचर भारी वाटायचं, वजनाच्या आधी फॅटचा टक्का बघायचे. पण व्यायामानंतर टक्का वेगळा, पाणी प्यायल्यावर वेगळा, आणि अ‍ॅपमध्ये नुसता अ‍ॅथलीट मोड चालू केला तर चरबी तिथल्या तिथे कमी! शरीर तेच ना? हा काटा चरबी मोजतच नाही, एका पायातून दुसऱ्या पायात बारीक करंट सोडतो, त्याला किती अडथळा झाला ते बघून शरीरातल्या पाण्याचा अंदाज, मग त्यात उंची, वय वगैरे घालून फॉर्म्युल्याने टक्का. करंट जातो मुख्यतः पायांतून, म्हणजे शुगरसाठी जी खरी त्रासाची, ती पोटातली चरबी त्याला नीट कळतच नाही. या एका आकड्यासाठी जास्तीचे पैसे लावतात याचा मला अजून राग आहे.

परतच करणार होते, पण अ‍ॅपमध्ये सात दिवसांच्या सरासरीची रेघ सापडली आणि मत बदललं. रोजचं वजन किलो-दीड किलो सहज हलतं, मीठ जास्त झालं, पाळी जवळ आली, पोट साफ झालं नाही, काहीही. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते बरंचसं पाणीच. १ किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, ती एका रात्रीत चढत नाही आणि उतरतही नाही. हे त्या रेघेत इतकं स्पष्ट दिसतं की सकाळी आकडा वाढलेला दिसला तरी मी जेवण तोडत नाही, चालायला जाते.

मध्ये रेघ काही आठवडे आडवीच होती, तेव्हा टेपने कमरेचा घेर बघितला तर तो कमी होत होता. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, एवढं लक्षात ठेवा.

तर घ्यायचा असेल तर १०० ग्रॅमचाही फरक दाखवणारा साधा काटा आणि एक टेप घ्या, सरासरी वहीत काढता येते. आणि पेसमेकर असेल तर हा करंटवाला काटा वापरूच नका, ही सूचना माझ्या बॉक्सवर अगदी बारीक अक्षरात खाली कोपऱ्यात होती, ती खरं तर सगळ्यात वर हवी.