प्रयोगशाळेतील उंदरांचे पेलेट खाद्य : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

नागपुरातील आमच्या महाविद्यालयाच्या अ‍ॅनिमल हाउससाठी (प्रयोगाचे प्राणी ठेवण्याच्या जागेसाठी) आम्ही वर्षभर शहरातल्याच एका पुरवठादाराकडून पांढऱ्या उंदरांचे पेलेट (दाबून केलेल्या कांड्यांचे) खाद्य घेत आहोत. पेलेट टणक असल्यामुळे पिंजऱ्याखाली सांडणारा चुरा कमी असतो, उंदरांची वजने नियमित वाढतात आणि माल वेळेवर पोहोचतो. आमच्या 90 दिवसांच्या अभ्यासांना एवढे पुरले.

खाद्यातील रसायनाने कर्करोग होतो का, हे तपासायचे असेल तेव्हा मात्र माझी अपेक्षा वेगळी आहे. असा अभ्यास रॅटवर (मोठ्या जातीच्या उंदरांवर) साधारणपणे 24 महिने चालतो. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 451 क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेनुसार रसायनाच्या किमान तीन मात्रांचे गट आणि एक कंट्रोल (रसायन न दिलेला) गट लागतो, आणि प्रत्येक गटात किमान 50 नर व 50 माद्या असाव्या लागतात. कंट्रोल गटाच्या साध्या खाद्यातच बुरशीचे विष असेल, तर दोन वर्षांनी दिसणाऱ्या गाठी नेमक्या कशाने झाल्या हे कोणालाच सांगता येणार नाही. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किलोमागे 100 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी1 हे बुरशीचे विष असलेले खाद्य दिलेल्या सर्वच्या सर्व 28 रॅटना यकृताचा कर्करोग झाला होता. मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर हे विष तयार करणारी बुरशी सहज धरते, आणि नागपूरच्या पावसाळ्यात तर गोदामाची फरशीसुद्धा ओलसर लागते.

ऑगस्टमध्ये आलेल्या एका पोत्याची शिवण उसवताच कुबट वास आला; तळाशी पेलेटचे गोळे चिकटले होते आणि त्यांवर राखाडी-हिरवट थर होता. पोते दुसऱ्याच दिवशी बदलून मिळाले, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर हाती आला तो आदल्या वर्षीच्या बॅचचा, आणि ही चूक मला पोत्यापेक्षा गंभीर वाटते. बुरशी पोत्यात एखाद्याच कोपऱ्यात असू शकते, म्हणून आता आम्ही प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून नमुना काढून, तो एकत्र करून बाहेर तपासायला देतो. हा खर्च खरे तर खाद्याच्या किमतीतच धरलेला असायला हवा.

विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी आणि अल्प मुदतीच्या अभ्यासांसाठी हे खाद्य घ्यायला हरकत नाही. दीर्घ मुदतीच्या कर्करोग-चाचणीसाठी मात्र, प्रत्येक बॅचसोबत अफ्लाटॉक्सिन, कीटकनाशके आणि जड धातूंचा अहवाल मिळेपर्यंत, मी ते वापरणार नाही.