हाउजीचा संच: पंचाहत्तरीच्या संध्याकाळी वापरून पाहिलेला

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला घरचीच ३४ माणसं जमणार होती. सगळ्यांत धाकटा सहा वर्षांचा भाचा, सगळ्यांत मोठे नणंदेचे सासरे, वय ८४, एका कानानं कमी ऐकू येतं. जेवणाआधीचे दोन तास सगळ्यांना मिळून काय खेळवायचं, हे माझ्याकडे होतं. दमशेराज ठेवलं की सिनेमे पाहणारे आठ-दहाजण खेळतात आणि बाकीचे बघत बसतात. भेंड्यांत गाणारे दोघंतिघंच शेवटपर्यंत उरतात. संगीत खुर्ची तर गुडघेदुखीवाल्यांना विचारूच नये. म्हणून हाउजी, म्हणजे पुकारलेले आकडे आपापल्या तिकिटावर खोडत जायचा तंबोला, ठरवली आणि पुण्यातल्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ४२० रुपयांना एक संच आणला.

खोक्यात तारेचा फिरवायचा पिंजरा, १ ते ९० आकड्यांचे बोराएवढे प्लॅस्टिकचे चेंडू, ते ठेवायला खळगे असलेली पाटी आणि तिकिटांचं १०० पानांचं पॅड आहे. एका पानावर सहा तिकिटं. पिंजरा मजबूत आहे, दांडा फिरवताना अडकत नाही आणि एका वेळी एकच चेंडू बाहेर येतो. त्याचा खडखडाट ऐकून पोरं आपोआप गोळा झाली, बोलवावं लागलं नाही.

तिकिटांबद्दल मुद्दाम सांगते, कारण खरेदी करताना तिथे कुणी बघत नाही. हाउजीच्या तिकिटावर तीन ओळी आणि नऊ रकाने असतात, दर ओळीत पाच आकडे, एकूण १५. पानावरची सहा तिकिटं नीट छापली असतील तर त्यांत मिळून १ ते ९० हे सगळे आकडे एकेकदाच येतात. मी आदल्या रात्री पेन्सिल घेऊन एक पान तपासलं. एकही आकडा दोनदा नव्हता, एकही गळालेला नव्हता. याचा फायदा असा, की एक पान एकाच टेबलावरच्या सहाजणांत वाटलं तर पुकारलेला प्रत्येक आकडा त्या टेबलावर कुणाला तरी लागतोच. "आमच्याकडे आलाच नाही" म्हणत एखादं टेबल मरगळून बसत नाही. मी सहा पानं फाडली, सहा टेबलांवर वाटली आणि उरलेली दोन तिकिटं आचाऱ्याच्या दोन मुलांना दिली. तीही खेळली. आकडे ठळक आहेत, सासूबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवून तिकीट वाचलं.

आता दोष. चेंडूंवरच्या इंग्रजी सहा आणि नऊच्या खाली रेघ नाही. चेंडू गोल, त्यामुळे वरची बाजू कुठली आणि खालची कुठली ते कळायला मार्गच नाही. दुसऱ्या डावात मी ८९ पुकारला आणि चेंडू ८९ च्या खळग्यात ठेवला. नणंदेच्या सासऱ्यांची मधली ओळ पूर्ण झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना स्टीलचा डबा दिला. पुढे सहा-सात आकड्यांनंतर पुन्हा एक ८९ निघाला. खळगा आधीच भरलेला! आधीचा चेंडू उचलून उलटा धरला, तर तो ६८. ते गृहस्थ इतके सरळ, की त्यांनी कुणी काही म्हणायच्या आत डबा आणून टेबलावर ठेवला. मला फार वाईट वाटलं. मग सगळ्या टेबलांवर फिरून ६८ मुळे कुणाची मधली ओळ आधीच झाली होती का ते पाहिलं. कुणाचीच नव्हती, आणि आता ८९ खरोखरच आला होता, म्हणून डबा परत त्यांच्याच हातात दिला. पण ८४ वर्षांच्या माणसाला त्या पाच मिनिटांत जे अवघडल्यासारखं झालं, ते एका रेघेनं टळलं असतं. संच बनवणाऱ्यांनी एवढं करायलाच हवं होतं.

घेणार असाल तर घरी आणल्याबरोबर लाल नेलपॉलिशनं ६, ९, १८, १९, ६१, ६८, ८१ आणि ८९ या चेंडूंवर आकड्याच्या खाली रेघ मारून ठेवा. उलटे धरले की १ ते ९० मधला दुसराच आकडा दिसतो ते एवढेच. मी दुसऱ्या दिवशी ते केलं, दहा मिनिटं लागली.

पहिल्या डावात आकडे सासूबाईंनी पुकारले, आणि त्या फक्त मराठीत पुकारतात. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. इंग्रजी माध्यमातली नातवंडं सुरुवातीला एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. सासूबाईंनी इंग्रजीत सांगायला साफ नकार दिला, पण "साठाला एक कमी" असं समजावून सांगत गेल्या. डाव संपेपर्यंत धाकटा भाचा एकोणसत्तर ऐकून न विचारता रकाना शोधायला लागला होता. माझ्या दृष्टीनं त्या संध्याकाळचं खरं बक्षीस ते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी आम्ही पाटी टेबलावर तिरकी उभी करायचा प्रयत्न केला, पण चेंडू घरंगळतात. शेवटी मोठ्या मुलीनं फळ्यावर आकडे लिहीत जायचं काम घेतलं.

पैसे लावू नका, एवढी विनंती. आम्ही पहिले पाच (तिकिटावरचे कुठलेही पाच आकडे आधी लागणं), चार कोपरे, तीन ओळी आणि फुल हाउस (अख्खं तिकीट पूर्ण) अशी सहा बक्षिसं ठेवली. डबे, रुमाल, एक कुंडीतली तुळस. चुकीचा दावा केला की तिकीट बाद, हा नियम मोठ्यांना लावला, दहा वर्षांखालच्यांना नाही. आमचा पहिला फुल हाउस ७२ व्या आकड्याला झाला आणि एका डावाला साधारण पाऊण तास लागला. दोन डावांत जेवणाची वेळ झाली, एकही माणूस मधून उठून मोबाइल घेऊन बसला नाही.

पाचांपैकी चार तारे. एक तारा त्या रेघेचा कापला आहे. पॅडची ८८ पानं अजून शिल्लक आहेत आणि पुढच्या महिन्यात भाच्याच्या मुंजीच्या आदल्या रात्री हाच संच हॉलवर न्यायचा आहे. या वेळी तिसऱ्या डावाचे आकडे त्यानंच पुकारायचे, असं सासूबाईंनी त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.