गेम बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकू की एसएसडीवर?

आपल्या इंदूरला सिल्वर मॉलमध्ये दोन्ही मिळतात, पण गेम खेळायचे असतील तर आधी हे वाचा. साधी पोर्टेबल हार्ड डिस्क, म्हणजे आत तबकडी फिरते ती, बहुतेक ५४०० आरपीएमची (मिनिटाला इतक्या फेऱ्या), सेकंदाला १०० ते १४० एमबी देते, एक्सटर्नल एसएसडी, म्हणजे आत काही न फिरता चिपवर डेटा ठेवणारी, सहज ४०० च्या वर जाते. आता एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात ते, म्हणाल तर तो मुख्यतः ग्राफिक्स कार्डवर असतो, डिस्क बदलून फारसा वाढत नाही, फरक पडतो लोडिंगला. आणि ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोठ्या नकाशावर कुठेही फिरता येतं त्यात, गाडी जोरात पळवली की हार्ड डिस्कवर समोरचा रस्ता आधी धुरकट दिसतो, भिंतींचे टेक्स्चर, म्हणजे त्यांच्यावरची बारीक नक्षी-रंग, मागून येतात, मला तर ते अजिबात सहन होत नाही. एसएसडीवर हे बरंच कमी.

जुने, छोटे गेम असतील तर हार्ड डिस्क चालते, जागाही स्वस्तात जास्त मिळते. फक्त केबल यूएसबी ३.० च्या, बहुतेक निळ्या असलेल्या पोर्टमध्येच लावा बरं का, यूएसबी २.० मध्ये लावली तर दोन्ही सारख्याच रडतात, जेमतेम ३५-४० एमबी. माझ्या भाच्याने महिनाभर तशीच वापरली, बिचारा!