बाळंतपण झकास, पण 'ते' ऑपरेशन इथे होत नाही

मार्चमध्ये दुसऱ्या बाळंतपणाला इथे चार दिवस होते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं मध्यम शहर, कॅथलिक संस्थेचं ना-नफा हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते या एकाच हॉस्पिटलपुरतं नाही.

आधी चांगलं सांगते. नर्स एकेक सोन्यासारख्या. रात्री तीनला बाळ दूध ओढेना, तर त्यातली एक पाऊण तास माझ्याशेजारी बसून राहिली. खोली स्वतंत्र, लख्ख. पलंगासमोरच्या भिंतीवर क्रूस. सांगलीहून आलेल्या आईने आत शिरताच त्याला हात जोडले आणि 'आपल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलसारखंच आहे की' म्हणून निर्धास्त झाली. (मिरजेचं प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी काढलेलं, हे कॅथलिक. फरक आम्हाला भोवला.) जेवण बेताचं. बाळंतिणीला बर्फाचं पाणी देतात हे बघून मात्र आईने कपाळावर हात मारला.

सिझेरियन आधीच ठरलं होतं. पोट उघडणारच आहेत तर नळ्याही बांधून घेऊ, पाच-दहा मिनिटांचं जास्तीचं काम, असा माझा सरळ हिशोब. डॉक्टरबाईंचीही ना नव्हती. पण सातव्या महिन्यात त्याच म्हणाल्या, "इथे मला ते करता येत नाही." काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कॅथलिक समूहाने हे हॉस्पिटल घेतलं. पाटी जुनीच राहिली, नियम बदलले. अमेरिकेतल्या बिशपांनी कॅथलिक दवाखान्यांसाठी केलेल्या नियमावलीतलं 53वं कलम: नसबंदी करायची नाही. बाईची नाही, पुरुषाचीही नाही.

आईच्या हे पचनी पडेना. "अगं, आमच्या वेळी सिव्हिलच्या सिस्टर हात धुऊन मागे लागायच्या, दोन झाली ना, आता ऑपरेशन करून घ्या म्हणून. आणि इथे मागूनही देत नाहीत?"

दुसरीकडे का नाही गेलीस, असं मैत्रिणी विचारतात. आमच्या इन्शुरन्समध्ये बसणारं, बाळंतपण करणारं दुसरं हॉस्पिटल सत्तर मैलांवर आहे. असे समूह वाढतच चाललेत. असेन्शन 1999 मध्ये दोन धर्मसंस्थांच्या हॉस्पिटलांची मोट बांधून झालं, कॉमनस्पिरिट 2019 मध्ये दोन मोठे समूह एकत्र येऊन. पूर्वी नन हॉस्पिटलं चालवायच्या, त्या कमी झाल्या. शिवाय विमा कंपनीशी दराची घासाघीस करायची तर अंगात बळ लागतं, म्हणून एकमेकांत मिसळणं. पाटीवरून ओळखावं तर तेही कठीण. कॅथलिक हेल्थकेअर वेस्ट या समूहाने 2012 मध्ये नावच बदलून डिग्निटी हेल्थ केलं. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा, आणि 'तुम्ही कराल का' असं नको, 'या हॉस्पिटलात होतं का' असं विचारा. मी पहिला प्रश्न विचारला होता.

बिलाचं मात्र कौतुक करायला हवं. विमा वजा जाऊन आमच्या वाट्याला 6,800 डॉलर आले, आणि मधल्या काळात नवऱ्याची नोकरी गेलेली. करमाफी घेणाऱ्या ना-नफा हॉस्पिटलांना 2010 च्या कायद्याने आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, आणि पहिल्या बिलापासून निदान 240 दिवस अर्ज घ्यावा लागतो. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. पगाराच्या स्लिपा जोडून अर्ज केला, निम्मं बिल माफ झालं. फोनवरच्या बाई दोनदा म्हणाल्या, लाजू नका, यासाठीच आहे ते.

पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन्ही 53व्या कलमाचे. बर्फाच्या पाण्याचा आईने माफ केला.

ऑपरेशन शेवटी नवऱ्याने करून घेतलं, एका खासगी क्लिनिकमध्ये, अर्ध्या तासात. घरी येऊन फ्रोझन मटारची पिशवी मांडीत घेऊन सोफ्यावर बसला. आईने माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांतले दोन वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवले. "घ्या जावईबापू, अंगात ताकद येईल."